पाठीवर हळद लागलेली पंजी

आधी एक विनंती. माझ्या पाठीकडं बघू नका. समोरून बघा, पाच बदाम मोजा, आणि मग निवांत बसा. मी पंजी, बदामची. मुक्काम सावेडीतली एक गल्ली, दानीएल मास्तरांचं घर, लोखंडी कपाटाचा वरून दुसरा खण. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या गल्लीत अजून नगरच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

माझी एक खोड आहे, ती आत्ताच सांगून टाकते. शेजाऱ्यांची चौकशी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पत्त्याचा जन्मच असा, की दर डावाला शेजार बदलतो. आत्ता डावीकडं राजा, उजवीकडं दुर्री. पाच मिनिटांनी भलतंच कुणीतरी. मग विचारायला नको? कुठून आलात, मघाशी कुणाच्या हातात होता, तिथं काय चाललंय? इस्पिकची राणी मला तोंडावर भोचक म्हणते. म्हणू दे. तिला काही हवं असलं की मलाच विचारते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आम्ही बावन्न भावंडं एकाच कागदावर छापली गेलो आणि एका फटक्यात वेगळी झालो, एवढंच कळतं. डोळे उघडले ते जामखेडच्या स्टँडजवळच्या एका दुकानात. तिथून गोरक्षनाथ नावाच्या टेम्पोवाल्यानं आम्हाला घरी नेलं. घरी म्हणजे टेम्पोत.

गोरक्षनाथ सात-आठ खेळायचा. माल भरायला वेळ असला की टेम्पोच्या सावलीत पोतं अंथरायचं आणि डाव मांडायचा. त्या खेळात सातच्या खालचे पत्ते लागतच नाहीत. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सगळ्या पाकिटातच. वर दोन सत्त्या. असे आम्ही बावीस जण आत अंधारात बसायचो. बाहेर हशा व्हायचा, मांडीवर थापा पडायच्या, "उतर की लेका!" असं कुणी ओरडायचं. आम्ही आपले एकमेकांच्या पाठीला पाठ लावून ऐकत बसायचो. कुणी वाईट वागत नव्हतं हो. फक्त आमची कुणाला गरज नव्हती.

मग मास्तर जामखेडच्या शाळेतून निवृत्त झाले आणि नगरला आले. सामान गोरक्षनाथच्या टेम्पोत होतं. वाटेत चहाला थांबल्यावर त्यानं डाव टाकला आणि निघायच्या घाईत पाकीट मास्तरांच्या कपाटाच्या खणात कोंबलं. तिथंच राहिलं. मास्तर सरळ माणूस, त्यांनी लगेच फोन केला.

"गोरक्षनाथ, अरे तुझे पत्ते राहिलेत."

"ऱ्हाऊ द्या मास्तर," तो म्हणाला. "बायकोला दिसलं तर ती पत्ते आत ठिवील आन् मला भाईर."

अशी मी या घरात आले आणि माझं नशीब पालटलं.

मास्तरांकडं एक लाकडी पाटी आहे. हातभर लांब, तिच्यावर बारीक बारीक भोकांच्या रांगा. मास्तर तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्याजवळ राहायचे. तिथल्या परदेशी डॉक्टरसाहेबांचा पाय मोडला आणि ते तीन महिने खाटेवर पडून होते, तेव्हा त्यांनी मास्तरांना क्रिबेज नावाचा दोघांचा खेळ शिकवला. मायदेशी जाताना पाटीही देऊन गेले. किती मार्क झाले ते त्या भोकांत काड्या खोचून दाखवायचं. मास्तर काडेपेटीच्या काड्या वापरतात. त्यांच्या काड्या गुल असलेल्या, समोरच्याच्या गुल तोडलेल्या.

शेजारच्या भिमाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाटी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "मास्तर, तुमी ख्रिश्चन लोक येवढ्या उदबत्त्या लावता व्हय? आमच्या विहारात बी इतक्या लागत न्हाईत."

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला सहा पत्ते येतात. चार हातात ठेवायचे, दोन टाकायचे. दोघांनी टाकलेले मिळून चार पत्ते बाजूला पालथे पडतात. त्या जागेला मास्तर गव्हाण म्हणतात, जनावरांपुढं वैरण टाकतात ना, तीच. पण गंमत अशी, की गव्हाण त्या डावात जो पत्ते वाटतो त्याची. तिच्यातले मार्क त्याचे. म्हणजे गव्हाण आपली असेल तर चांगलं टाकावं आणि समोरच्याची असेल तर कचरा टाकावा. सगळा खेळ या टाकण्यात आहे. मास्तर म्हणतात, "हातात काय आलं यात माणसाचं काही नाही. काय टाकलं, त्यात माणूस दिसतो."

आणि मार्क कशाचे? पत्त्यांची बेरीज पंधरा झाली की दोन मार्क. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, सगळे दहाचे. आता तुम्हीच सांगा, दहाला पंधरा करायला कोण लागतं? मी! ज्या राजाराण्या टेम्पोत असताना माझ्याकडं वळूनही बघत नव्हत्या, त्या आता हातात आल्या आल्या "पंजी आली का, पंजी?" विचारायला लागल्या. मास्तरांचा पहिला नियम: पंजी कधी समोरच्याच्या गव्हाणीत टाकायची नाही. एक वेळ राजांची जोडी मोडावी, पण पंजी नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही परक्या गव्हाणीत टाकलं नव्हतं. मी थोडी मिजासखोर झाले होते, कबूल करते.

आता पाठीचं सांगते, तुमची नजर सारखी तिकडंच जातेय.

मास्तर चर्चच्या कमिटीवर आहेत आणि मंडळीत पत्ते म्हणजे जुगार असं पुष्कळांना वाटतं. मास्तर कधी एका रुपयानंही खेळले नाहीत, पण लोकांची तोंडं कोण धरणार? म्हणून खेळ दार लोटून चालायचा. एकदा दुपारी मास्तर आणि त्यांची सून रेबेका रंगात आले होते आणि दारात पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, स्कूटर थांबली. रेबेकानं सगळे पत्ते गोळा केले, स्वयंपाकघरात पळाली आणि जो डबा हाताला लागला त्यात ओतले. डबा हळदीचा निघाला.

पाळकसाहेब तासभर बसले, चहा प्यायले, प्रार्थना केली. बाकीचे पत्ते कडेकडेनं होते, झटकले की साफ झाले. मी तळाशी उताणी, दमटलेल्या हळदीत पाठ टेकून. रेबेकानं ओल्या फडक्यानं पुसलं, तसा डाग अजून पसरला. तेव्हापासून माझी पाठ पिवळी. कुणाच्याही हातात असले तरी समोरच्याला ओळखू येते.

भिमाबाई म्हणाल्या, "चला, पंजीचं लगीन ठरलं म्हणायचं."

दुसरा कुणी असता तर पत्त्यांचा नवा जोड आणला असता. मास्तरांनी तोडगा काढला. पत्ते हातात धरायचे ते चर्चच्या गायनाच्या पुस्तकाआड धरायचे, आणि गव्हाणीत टाकायचे तेही पुस्तकाखालून तळाशी सरकवायचे, म्हणजे पिवळी पाठ दिसणार नाही. तेव्हापासून दोघंही छातीशी गायनाचं पुस्तक धरून खेळतात. खिडकीतून कुणी बघितलं तर वाटावं, काय भक्ती आहे या घरात.

रेबेकाबद्दल सांगायला हवं. मास्तरांचा मुलगा सॅम चाकणला कंपनीत आहे, एक रविवार आड येतो. मास्तरीणबाई गेल्या त्याच वर्षी रेबेका लग्न होऊन आली. मास्तर तेव्हा घरात गप्प बसून असायचे. एके दिवशी तिनंच पाटी काढून पुढं ठेवली. "पप्पा, मला शिकवा." तेव्हापासून नऊ वर्षं, रोज दुपारी चार वाजता, एक डाव.

ती हुशार आहे, हे मला दुसऱ्याही एका वाटेनं कळलं होतं. खणात माझ्या शेजारी एक कागद असायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी लगेच ओळख करून घेतली. रेबेकाचं बी.एड.चं प्रमाणपत्र. पहिल्या श्रेणीचं! गप्प असायचं बिचारं. मी विचारलं, "तुला कधी बाहेर काढतात का?" ते म्हणालं, "एकदा काढलं होतं. वाळवी लागलीय का बघायला." नऊ वर्षं. मला टेम्पोतलं पाकीट आठवलं. मी पुढं काही विचारलं नाही, आणि माझ्यासारखीनं गप्प बसणं म्हणजे बघा.

यंदा मे महिन्यात ते बाहेर आलं. श्रीगोंद्याच्या एका शाळेत गणिताची शिक्षिका हवी होती. रेबेकानं कुणाला न सांगता अर्ज केला, मुलाखत दिली आणि पत्र आलं. सकाळी साडेसहाची एस.टी., संध्याकाळी सहाला परत.

मास्तर म्हणाले, "नाही."

"का पप्पा?"

"एवढ्या लांब? रोज? उन्हातान्हात?"

"सॉरी हं, तुम्ही सायकलवर तीन गावं पालथी घालून शिकवायला जायचात ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

सॅमला फोन झाला. तो म्हणाला, "तुम्ही दोघं ठरवा, मला मधे घेऊ नका." भिमाबाई भाजी निवडत दारात बसल्या होत्या. निवृत्तीपर्यंत अंगणवाडीत काम केलेली बाई, सवयीनं सगळ्यांची भांडणं सोडवायला जातात. त्या म्हणाल्या, "जेवनाची काळजी नगा करू मास्तर. दोन भाकरी जास्तीच्या टाकंन मी. पोरीला जाऊ द्या."

"जेवणाचं नाही हो भिमाबाई."

"मंग कशाचं?"

मास्तर उठून आत गेले. कशाचं ते मला ठाऊक होतं. घड्याळात चार वाजायच्या आधी पंधरा मिनिटं ते खण उघडतात, पाकीट काढतात, परत ठेवतात, परत काढतात. रोज. ते चार वाजणं रिकामं होणार होतं. पण असं तोंडानं कसं सांगायचं? आणि एकदा सगळ्यांसमोर नाही म्हटल्यावर हो तरी कसं म्हणायचं? चाळीस वर्षं फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या माणसाला आपलं वाक्य पुसणं फार जड जातं.

दोन दिवसांनी रेबेकाच म्हणाली, "खेळून ठरवू."

"चालेल," मास्तर एवढ्या पटकन म्हणाले, की मीच दचकले. "एकच डाव. एकशे एकवीसपर्यंत. जिंकलीस तर जा. हरलीस तर हा विषय या घरात परत नाही."

"मी साक्षीला बसते," भिमाबाई म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई, पर नजर लई तेज हाय."

तर तो डाव. मास्तर पहिल्यापासून पुढं. रेबेकाचे हात गार पडले होते, मी दोनदा तिच्या हातात होते म्हणून सांगते. एकदा तिनं चुकून चांगली जोडी मोडली. एकदा हातात काहीच जमलं नाही आणि ती म्हणाली, "एकोणीस." आता हे तुम्हाला कळायचं नाही. या खेळात एकोणीस मार्कांचा हात कधीच होऊ शकत नाही, म्हणून ज्याला शून्य येतं तो एकोणीस म्हणतो. हरताना तेवढीच गंमत.

शेवटच्या वाटणीला मास्तर एकशे तेरावर, रेबेका अठ्ठ्याण्णववर. मास्तरांना फक्त आठ हवे होते आणि मोजायची पहिली पाळी त्यांची. वाटणारी रेबेका, म्हणजे गव्हाण तिची. तिला एका वाटणीत तेवीस हवे होते. असे डाव वर्षातून एखादा.

मी मास्तरांच्या हातात आले. आल्या आल्या शेजारपाजार बघितला आणि मला हसू आलं. गुलाम, राणी, राजा! तिघंही माझ्याजवळ. वर एक दुर्री, एक अठ्ठी, तो कचरा. आता यात विचार कसला करायचा? दुर्री-अठ्ठी गव्हाणीत. आम्ही चौघं हातात. पंधरा, पंधरा, पंधरा, त्याचे सहा, आणि तिघांची सलग रांग तिचे तीन. नऊ मार्क! डाव संपला.

मास्तर मात्र पत्त्यांकडं बघतच राहिले. अंगठा दुर्रीवर गेला, परत आला. मग त्यांनी पुस्तकावरून रेबेकाकडं बघितलं. ती खाली बघत होती, ओठ दाबून. तिच्या मागं उघड्या कपाटात ते प्रमाणपत्र दिसत होतं.

अंगठा माझ्यावर आला.

मी ओरडले. खरंच ओरडले. मास्तर, मी पंजी! बदामची! चुकताय तुम्ही! राणी म्हणाली, "चष्मा लावला नाहीये का यांनी?" लावला होता. त्यांनी मला आणि इस्पिकच्या गुलामाला बाहेर काढलं. अपमानानं माझे पाचही बदाम तापले. आणि त्याहून वर कहर काय केला असेल? गायनाचं पुस्तक बाजूला ठेवलं. पुस्तकाखालून सरकवायच्या ऐवजी मला सरळ गव्हाणीत ठेवलं, सगळ्यात वर, पिवळी पाठ भर उजेडात.

भिमाबाईंची भाजी निवडायची थांबली. "अगं बया! हळदीची हाय की ती!"

रेबेकानं मान वर केली. "पप्पा, हे काय टाकलंत?"

"दोन पत्ते."

"मला दिसलं कुठले ते."

"दिसायलाच ठेवलंय."

"परत घ्या. मला असं नाही जिंकायचं."

"टाकलेला पत्ता परत घेत नाहीत," मास्तर म्हणाले. "आणि जिंकलीस कुठं अजून? तेवीस पाहिजेत तुला. मला हरता येईल बाळा, पण जिंकावं तुलाच लागेल. टाक तुझे दोन."

रेबेकानं पदरानं नाक पुसलं, पुस्तक घट्ट धरलं आणि आपले दोन पत्ते गव्हाणीत सरकवले. आता तिचे हात गार नव्हते. नव्वी आणि दश्शी आमच्या खाली येऊन बसल्या. "काय चाललंय बाहेर?" नव्वीनं विचारलं. मी म्हटलं, "गप्प बस गं, ऐकू दे."

उरलेल्या गठ्ठ्यातला मधला एक पत्ता उघडला, तो दोघांच्याही मोजणीत धरतात. चौकटची चव्वी.

मग एकेक पत्ता उतरवायचा असतो, एकतीसपर्यंत बेरीज करत. मास्तरांनी अठ्ठी टाकली, रेबेकानं राजा. त्यांनी राणी, तिनं तिर्री, एकतीस! दोन मार्क, आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी राजा टाकला, तिनं त्यावर राजाच, जोडीचे दोन. त्यांनी दुर्री, तिनं दुर्री, अजून दोन, आणि शेवटच्या पत्त्याचा एक. तिचे सात झाले, काडी एकशे पाचवर.

"मास्तर, मोजा तुमचं," भिमाबाई म्हणाल्या. त्या आता खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या.

मास्तरांनी हात उघडला. राणी, राजा, दुर्री, अठ्ठी. चव्वी धरूनही काही जमत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मोठ्यानं म्हणाले, "एकोणीस."

रेबेकानं आपला हात मोजला. दोन राजे, तिर्री, दुर्री आणि वरची चव्वी, नऊ. काडी एकशे चौदावर. सात कमी.

मग तिनं गव्हाण उघडली. पहिली मी पालटले. गुलामाबरोबर पंधरा, दोन. दश्शीबरोबर पंधरा, चार. नव्वी, दश्शी, गुलाम सलग, तीन. सात.

तिनं काडी शेवटच्या भोकात खोचली. मला एवढी लाज वाटत होती मघाशी, आणि आता बघते तर सगळ्यात आधी मलाच मोजलं होतं.

भिमाबाई पाटीवर वाकल्या. "झालं का? मंग जिंकलं कोन?"

"तुमच्या भाकऱ्या जिंकल्या," मास्तर म्हणाले. "शाळा सुरू झाली की दोन जास्तीच्या टाका."

जूनपासून रेबेका साडेसहाच्या एस.टी.नं जाते. पहिले चार दिवस मास्तरांनी खण उघडला आणि बंद केला. पाचव्या दिवशी चार वाजता दारात आवाज आला, "सलाम मास्तर."

"जय भीम, भिमाबाई. या."

"ती उदबत्तीची पाटी काढा. मला शिकवा ते किरबेज. मागं आमच्या आसारामला इचारलं तर म्हनला, म्हाताऱ्या मानसाला जमायचं न्हाई. बघतेच कसं जमत न्हाई ते."

आसाराम म्हणजे त्यांचा मुलगा. त्यानं असं म्हटलं नसतं तर माझे हाल वाचले असते. कारण भिमाबाईंच्या हातात मी पहिल्यांदा आले आणि त्यांनी मला बिनदिक्कत मास्तरांच्या गव्हाणीत फेकलं. "बारका पत्ता हाय, ठिवून काय करू?" मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग स्वतःच नियम मोडून मला उचललं आणि परत त्यांच्या हातात दिलं. "भिमाबाई, ही कधी टाकायची नाही."

"कधीच न्हाई?"

मास्तर काडी नीट खोचत म्हणाले, "सहसा नाही."

आता त्यांना जमायला लागलंय. गेल्या मंगळवारी तर मास्तरांना हरवलं आणि गल्लीभर सांगत हिंडल्या. पत्ते चोरून खेळायचं तिथंच संपलं. पाळकसाहेबांच्याही कानावर गेलं म्हणतात. रविवारी उपासनेनंतर त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "ते पंधरा कसे मोजतात हो?"

रविवारी मास्तरांच्या समोर रेबेका असते. परवा मी तिच्या हातात होते, गव्हाण मास्तरांची होती आणि मास्तर सपाटून हरत होते. मला वाटलं, आता ही परतफेड करणार. तिनं माझ्याकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं आणि मला हातात घट्ट धरून दुर्री-अठ्ठी टाकली. शेवटी मी उघडी पडल्यावर मास्तर म्हणाले, "सोडली नाहीस ना?"

"गणिताची बाई आहे मी पप्पा. पंजी टाकीन का?"

मास्तर इतके खूश मी कधी बघितले नव्हते.

आता माझी हालत काय सांगू. कोपरे मऊ झालेत, एक बदाम पुसट झालाय. खणातल्या शेजाऱ्याची जागा रिकामी आहे. ते प्रमाणपत्र आता शाळेच्या कचेरीत फायलीत असतं. करमत नाही, पण तक्रार नाही. त्या जागी सॅमनं नवा जोड आणून ठेवलाय, गुळगुळीत प्लॅस्टिकचा. मास्तर म्हणतात हातातून निसटतो, म्हणून तो अजून पाकिटातच आहे. त्यातली बदामची पंजी तरुण आहे, पाठ कोरी. मी ओळख करून घेतलीच आहे. काल तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी कुणी परक्या गव्हाणीत टाकलं का?"

"एकदाच," मी म्हटलं.

"वाईट वाटलं असेल."

"पालथी होते तोवर वाटलं. पालटल्यावर नाही."

तर वाचणारे हो, तुमच्याही हातात कधी ना कधी एखादी पंजी येईल. सांभाळून धरा, उगाच कुणाच्या गव्हाणीत फेकू नका. मास्तरांचा नियम आहे, आणि माझाही मान आहे. पण समोर बसलेल्याचे हात गार पडलेले दिसले आणि तुम्हाला खरोखरच ती टाकावी वाटली, तर टाका. फक्त एक करा. पुस्तकाखालून सरकवू नका. सगळ्यात वर ठेवा, पिवळी पाठ त्याला दिसू द्या.